बँड, पण वरातीतला नव्हे

गोंदियात घरी "आम्ही बँड ऐकायला चाललो" असं सांगितलं, की मोठ्यांच्या डोळ्यांसमोर आधी येते ती वरात, नाही तर ट्रकवर स्पीकर रचून निघालेली धुमाल पार्टी. स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली आणि कुठल्याच चित्रपटात नसलेली गाणी वाजवणारी चारपाच जणांची मंडळी, हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कॉलेजच्या कट्ट्यावर मात्र केव्हाच रुळला आहे. कुणी द लोकल ट्रेनची बाजू घेतं, कुणी प्रतीक कुहाडची. कुणी इंडियन ओशनपुढे काही ऐकायलाच तयार नसतं, आणि अभंग रिपोस्टचं नाव निघालं की संतांच्या शब्दांना इलेक्ट्रिक गिटार शोभते का, यावर चहाचे दोन कप संपतात. इथवर सगळं छान चालतं. पुढे प्रश्न सुरू होतात. तिकीट कुठून काढायचं, कार्यक्रम रद्द झाला तर पैसे कोण देणार, रात्री परतायचं कसं, आणि आपल्याच कॉलेजात असा बँड बोलावता येईल का? दरवर्षी नवी तुकडी येते आणि हेच प्रश्न नव्याने विचारते.

उत्तरं देण्याआधी एक बाजू घेतो, कारण पुढचा सगळा सल्ला तिच्यावर उभा आहे. आठदहा मित्रांचा गट म्हणजे आठदहा गिऱ्हाईकं. मुंबईच्या पन्नास हजारांच्या मैदानात या गटाच्या असण्यानसण्याने कुणाला काही फरक पडत नाही. शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये तोच गट कार्यक्रम तारू शकतो. म्हणून गोंदियासारख्या ठिकाणच्या तरुणांनी आपले मोजके पैसे आणि मोजक्या रजा आधी लहान, जवळच्या कार्यक्रमांवर खर्चाव्यात. मोठा कार्यक्रम वर्षातून एखादा, तोही पूर्ण हिशेब मांडून. ज्यांना हे पटणार नाही त्यांच्या हरकतींना जागोजागी उत्तर दिलं आहे.

एकमेकांना गाणं ऐकवताना

गटावर एकाच वेळी दहा लिंका टाकणारा मित्र प्रत्येक गटात असतो आणि त्याची एकही लिंक कुणी उघडत नाही. एका वेळी एकच गाणं सांगा. ते कुणी लिहिलं आणि कोणत्या क्षणासाठी थांबून ऐकायचं, हे दोन ओळींत लिहा. हा नुसता शिष्टाचार नाही, यात बँडचा रोकडा फायदा आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा वाजलं नसेल तर त्याचं मानधन मोजलंच जाणार नाही. नावाजलेल्या गायकाला हजार म्हणजे काहीच नाही, पण नागपूरच्या किंवा पुण्याच्या नवख्या पोरांना पहिला हजारच जड जातो. आता तुमच्या वर्गातल्या वीस जणांनी ते गाणं आठवड्यातून एकदा ऐकलं, तर वर्षात वीस गुणिले पन्नास, म्हणजे बरोबर हजार. एका कट्ट्याने एका गाण्याला उंबरठा ओलांडून द्यावा, इतकं हे सोपं गणित आहे.

यावर कुणी म्हणेल, मग आवाज बंद करून रात्रभर गाणं फिरवत ठेवतो. तसं करू नका. बनावट ऐकणी ओळखली जातात आणि शिक्षा गाणं करणाऱ्यालाच होते. यूट्यूबचंही तसंच. वाहिनीला जाहिरातीतला वाटा सुरू व्हायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, अशी नेहमीची अट आहे. म्हणून गाणं उतरवून स्वतःच्या खात्यावर पुन्हा चढवू नका, बँडची मूळ लिंकच पाठवा. पैसे थेट पोचवायचे असतील तर बँडकॅम्पसारख्या ठिकाणी गाणं विकत घेता येतं आणि तिथे बहुतांश रक्कम कलाकाराला मिळते. आणखी एक गोष्ट. अशा स्वतंत्र संगीताला इंडी म्हणतात, पण इंडी म्हणजे इंग्रजी किंवा दिल्लीची हिंदी, असं धरून चालू नका. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे अस्सल मराठी हाउस गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि जगभर नाचलं गेलं. पोवारी आणि गोंडीत गाणी रचून यूट्यूबवर टाकणारेही आपल्याच भागात आहेत. कंपनी नाही, चित्रपट नाही, स्वतःचा खर्च आणि स्वतःची भाषा. व्याख्येने तेही इंडीच.

कोणत्या कार्यक्रमाला जायचं?

नकाशा तुमच्या बाजूने आहे, हे आधी लक्षात घ्या. गोंदिया मुंबई–हावडा मुख्य मार्गावरचं जंक्शन आहे. रेल्वेने नागपूर सुमारे १३० किलोमीटर, दुर्गही जवळपास तेवढंच. विदर्भ एक्सप्रेस मुंबईला आणि महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून कोल्हापूरला, या दोन्ही गाड्या इथूनच सुटतात. देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या विद्यार्थ्याला स्टेशन गाठायलाच वेळ लागतो, त्यांनी तो हिशेबात धरावा. तरी पश्चिमेला नागपूर आणि पूर्वेला भिलाई-रायपूर अशा दोन दिशा हाताशी असलेली तालुक्याची गावं राज्यात फार नाहीत.

- नागपूर: डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह, हिवाळ्यातला खासदार सांस्कृतिक महोत्सव आणि व्हीएनआयटीसारख्या संस्थांचे महोत्सव. हे सगळं एका दिवसाच्या टप्प्यात येतं.
- दुर्ग, भिलाई, रायपूर: इथल्या कॉलेजांचे महोत्सव गोंदियाच्या मुलांच्या ध्यानातच नसतात. अंतर नागपूरइतकंच किंवा थोडं जास्त.
- मुंबई: आयआयटीचा मूड इंडिगो डिसेंबरात असतो. तिथल्या लाइव्हवायर स्पर्धेत नवे बँड स्वतःची गाणी घेऊन उतरतात. एका फेरीत अनेक बँड ऐकायला मिळत असल्याने लांबचा प्रवास वसूल होतो.
- मोठ्या नावांचे मैदानी कार्यक्रम: यांचा विचार शेवटी. कारण खाली आहे.

कोल्डप्लेचे नवी मुंबईतले कार्यक्रम १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला झाले, पण पहिली तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ ला, जवळपास चार महिने आधी. रेल्वेचं आगाऊ आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे कार्यक्रमाचं तिकीट हातात आणि गाडीचं नाही, अशा अवस्थेत दोन महिने काढावे लागतात, आणि आरक्षण उघडल्यावर ते मिळेल याची खात्री नसते. गाडी गोंदियाहूनच सुटते ही जमेची बाजू, पण त्यासाठी बरोबर साठावा दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवावा लागतो. "असा योग आयुष्यात एकदाच येतो" ही हरकत मला मान्य आहे. येतो, जरूर जा. फक्त तिकिटाच्या किमतीत गाडीच्या दोन रात्री, मुक्काम, लोकल-रिक्षा, आतलं महागडं पाणी आणि बुडालेली प्रॅक्टिकल मिळवा, आणि त्या रकमेत नागपूरचे किती कार्यक्रम बसतात ते बाजूला लिहा. दोन्ही आकडे समोर ठेवून घेतलेला निर्णय कुठलाही असला तरी तो तुमचा असतो.

वयाची अट कॉलेजवाल्यांना हमखास नडते. लहान बँडांचे कितीतरी कार्यक्रम रेस्टोबारमध्ये होतात. महाराष्ट्रात बिअर पिण्याचं किमान वय २१ आणि कडक दारूचं २५. त्यामुळे तुम्ही फक्त लिंबूपाणी पिणार असलात तरी अशा जागा २१ वर्षांखालच्यांना दारातच थांबवतात, आणि ही अट तिकिटाच्या पानावर लिहिलेली असेल तर पैसे परत मागायला जागा राहत नाही. गटात एक जरी १९ वर्षांचा असेल, तरी आधी हे बघा.

तिकीट काढण्याआधी

तिकीट म्हणजे करार. तो वाचायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं सहसा कुणी देत नाही.

- आयोजक कोण, ते शोधा. तिकीट विकणारं संकेतस्थळ बहुतेक वेळा मध्यस्थ असतं आणि कार्यक्रम करणारी कंपनी वेगळी. दोन्ही नावांचा स्क्रीनशॉट ठेवा.
- तारीख बदलली, मुख्य कलाकार आला नाही किंवा जागा बदलली तर काय, याच्या ओळी शोधून वाचा.
- बसून की उभ्याने? 'स्टँडिंग' म्हणजे चारपाच तास पायांवर.
- बहुदिवसीय महोत्सवात मनगटावरची पट्टी कुरिअरने येते. तुमच्या पिनकोडवर ती पोचते का, ते बघा. सालेकशासारख्या गावी शंका असेल तर नागपूरच्या नातेवाइकाचा पत्ता द्या.
- ओळखपत्र तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवं का? एकाने सगळ्यांची तिकिटं काढली असतील, तर हा प्रश्न दारात छळतो.

पैसे भरताना शेवटच्या पडद्यावर रक्कम फुगलेली दिसली तर थांबा. आधी कमी भाव दाखवून मागाहून शुल्क चढवणं, न विचारता देणगी किंवा विमा टोपलीत टाकणं, 'फक्त २ तिकिटं उरली' अशी खोटी घाई करणं, या सगळ्या युक्त्या केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मना आहेत. तिथे अशा तेरा फसव्या पद्धती नावानिशी दिल्या आहेत. म्हणजे तक्रार करताना "मला लुबाडलं" एवढंच न म्हणता नेमकं बोट ठेवता येतं.

ऐनवेळी कुणीतरी समाजमाध्यमावर जादा तिकीट विकायला काढतं, तेव्हा एक गोष्ट आठवा. क्यूआर कोडचं चित्र दहा जणांना पाठवता येतं, पण दारावरचं यंत्र पहिल्यालाच आत सोडतं. उरलेले नऊ बाहेर. संकेतस्थळाने स्वतः दिलेल्या हस्तांतराच्या सोयीतून तिकीट तुमच्या खात्यात आलं तरच पैसे द्या. फसलात तर लगेच १९३० हा सायबर मदत क्रमांक फिरवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फारच कमी होते.

कार्यक्रम रद्द झाला तर

'तिकिटाचे पैसे कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत' ही ओळ वाचून बहुतेक जण गप्प बसतात. तुमचा बेत बदलला, ताप आला, परीक्षा पुढे सरकली, तर ती ओळ लागू पडते आणि ती रास्तही आहे. पण आयोजकानेच कार्यक्रम केला नाही, तर गोष्ट वेगळी. ठरलेली सेवा न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतली त्रुटी आहे, आणि एकतर्फी अन्याय्य अटीवर बोट ठेवायची सोयही याच कायद्यात आहे. आयोजकाने स्वतः छापलेल्या ओळीने तुमचा तक्रारीचा हक्क संपत नाही.

पायऱ्या अशा:

१. रद्द झाल्याची घोषणा, तिकीट, पैसे भरल्याची नोंद आणि अटींचं पान, चारही गोष्टी त्याच दिवशी जपून ठेवा. घोषणा नंतर काढून टाकली जाऊ शकते.

२. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एक महिन्यात निवारण करायचं असतं. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी लेखी पाठवाच.

३. महिना उलटला किंवा उत्तर टाळाटाळीचं आलं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर नोंद करा. मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

४. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

चौथ्या पायरीवरच लोक कच खातात. कंपनी मुंबईची, आपण आमगावचे, हेलपाटे कोण घालणार? २०१९ च्या कायद्याने हीच अडचण काढून टाकली. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे गोंदियातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते. "हजार-दीड हजारासाठी कोण भांडणार" ही दुसरी हरकत. एकट्यासाठी ती खरी आहे. पण बारा जणांची तिकिटं दीड हजाराची असतील तर ती अठरा हजारांची बाब होते, आणि एकसारखं गाऱ्हाणं असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. तिकीट एका मित्राच्या नावावर असलं तरी बाकीचे कायद्याने ग्राहकच, कारण पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच धरला जातो. फक्त कुणी किती दिले याची यूपीआय नोंद प्रत्येकाकडे असू द्या. 'रोख दिले होते' याला कागद नसतो.

रेल्वे आणि मुक्कामाचा खर्च मात्र क्वचितच वसूल होतो. तो मागता येतो, सिद्ध करावा लागतो. म्हणून मुक्काम असा धरा की आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द करता येईल. गाडी उशिरा पोचून कार्यक्रम हुकला, तर आयोजक तुम्हाला काही देणं लागत नाही. या मार्गावर मालगाड्यांची गर्दी असते आणि प्रवासी गाडी रखडणं नवलाचं नाही. नागपूरला सायंकाळी सहाचा कार्यक्रम असेल तर बरोबर पोचवणारी गाडी सोडून तिच्या आधीची घ्या. सुटायलाच गाडीला तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल, तर टीडीआर हा परताव्याचा अर्ज भरून पूर्ण भाडं परत मागता येतं, पण गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरायला हवा.

गर्दी, कान आणि परतीची रात्र

२५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात कॉलेज महोत्सवाचा कार्यक्रम होता. खुल्या सभागृहाकडे उतरत्या पायऱ्या, बाहेर गर्दी, आणि पाऊस येताच सगळे आडोशासाठी दारातून आत लोटले. चार तरुण जीव गेले. गायिकेचं गाणं तेव्हा सुरूही झालं नव्हतं. ही घटना सांगतो ती घाबरवायला नव्हे, तर एवढ्यासाठी की धोका रंगमंचापुढे उड्या मारण्यात कमी आणि दारात जास्त असतो. आत शिरल्याबरोबर बाहेर पडायची दुसरी वाट पाहून ठेवा. दार उघडायच्या क्षणी पुढे घुसू नका. छाती दाबली जाईल इतकी गर्दी वाटली, की गाणं कितीही आवडतं असो, कडेला सरका.

कानांचं गणित लोकांना ठाऊकच नसतं. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते आणि कार्यक्रम तर दोन तासांचा असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे बोटांनी बारीक वळून कानात सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. गाणं ऐकू येतं, टोचत नाही. "म्हातारे झालो का आम्ही?" असं विचारणाऱ्यांनी ड्रम वाजवणाऱ्याच्या कानांकडे बघावं. बहुतेकांनी काहीतरी घातलेलं असतं.

मुलींना घरून परवानगी मिळवताना 'सगळे आहेत ना' हे उत्तर पुरत नाही आणि पुरूही नये. जागेचा पत्ता, परतीची गाडी, सोबतच्या दोघींचे क्रमांक आणि मुक्काम असेल तर त्याची पावती घरी देऊन ठेवा. पालकांचा विरोध बहुधा गाण्याला नसून अंधारातल्या अनिश्चिततेला असतो. आरक्षित तिकीट असेल तर स्टेशनवरच्या विश्रामगृहाची खोली आयआरसीटीसीवरून घेता येते. मध्यरात्री अनोळखी लॉज शोधण्यापेक्षा ते बरं. रेल्वेत अडचण आल्यास १३९, इतरत्र ११२.

बँड गोंदियातच बोलवायचा असेल तर

सगळ्यात मोठी हरकत इथे येते: गोंदियात तिकीट काढून कोण येणार? याचं उत्तर झाडीपट्टीची रंगभूमी दर हिवाळ्यात देते. धान निघाला, मंडई आणि शंकरपटांचे दिवस आले, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावोगावी नाटकं लागतात. वडशाच्या कंपन्यांशी गावातलं मंडळ करार करतं, शामियाना उभारतं, तिकीट लावतं. वादक पुढ्यात बसून वाजवतात आणि माणसं कडाक्याच्या थंडीत रात्रभर बसून ऐकतात. या रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे प्रत्यक्ष गाणं-नाटक तिकीट काढून बघायची सवय या मातीत जुनी आहे. कमी आहे ती तुमच्या बँडच्या बाबतीत करार करणाऱ्या मंडळाची, आणि ते मंडळ तुमचा कट्टाच होऊ शकतो.

दुसरा फायदा पुन्हा रेल्वेचा. एखादा बँड शुक्रवारी नागपूरला आणि रविवारी रायपूरला वाजवणार असेल, तर तो गोंदियावरूनच जाणार. त्याला खास मुंबईहून आणण्यापेक्षा शनिवारी इथे उतरवणं कितीतरी स्वस्त. म्हणून आवडत्या बँडांचे दौरे महिनाभर आधीपासून पाहत राहा आणि त्यांच्या व्यवस्थापकाला तारीख, हॉलची क्षमता आणि रक्कम असं नेमकं पत्र लिहा. 'या ना आमच्याकडे कधी' या निरोपाला उत्तर येत नाही.

रक्कम कशी ठरवायची? समजा दीडशे खुर्च्यांचा हॉल आणि दोनशे रुपये तिकीट. सगळी विकली तर तीस हजार, पण हिशेब शंभर तिकिटांचा, म्हणजे वीस हजारांचा करा. त्यातून स्पीकर-मिक्सरचं भाडं, प्रवास, एक मुक्काम, जेवण आणि पोस्टर वजा केल्यावर उरतं ते मानधन. पाच जणांचा ड्रमकिटसकट बँड यात बसत नाही. गिटार आणि आवाज अशी दोघांची जोडी बसते. पहिला कार्यक्रम दोघांचाच करा. तिकीट माणशी पाचशे रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी लागत नाही.

परवानग्यांची यादी घाबरवते, पण एकेक सोपी आहे:

- कॉलेजच्या प्राचार्यांचं लेखी पत्र. यात तारीख, वेळ, बाहेरचे प्रेक्षक येणार की नाही, आणि जबाबदार शिक्षकाचं नाव हवं.
- ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज. बाहेरच्यांना तिकीट विकणार असाल तर हे स्पष्ट लिहा आणि आणखी कुठली परवानगी लागते ते तिथेच विचारून घ्या.
- गाण्यांचे हक्क. कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनीच गायलं आणि प्रेक्षकही विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील, तर कॉपीराइट कायदा सूट देतो. बाहेरचा बँड आणि तिकीट असेल तर ती सूट धरू नका. चित्रपटगीतं होणार असतील तर आयपीआरएस या गीत-संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना घ्या. बँड फक्त स्वतःची गाणी गाणार असेल तरी त्यांनी हक्क या संस्थेकडे दिले आहेत का, ते लेखी विचारा.
- वीज. हॉलचं मीटर किती भार पेलतं ते इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा आणि जनरेटरचं भाडं हिशेबात धरा.

आवाजाचा नियम जरा उलगडून सांगायला हवा. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, ती तुमच्यासाठी नसते. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव भरत असे. शेजारी रुग्णालय आणि कॉलेज असल्याने याच नियमांपुढे त्या खुल्या रंगमंचाचं संगीत थांबलं. गंमत अशी की कॉलेजचं पटांगण, जिथे असा कार्यक्रम सुचतो, तेच शांतता क्षेत्रात पडू शकतं. म्हणून बंद हॉल निवडा. मंडईतल्या रात्रभराच्या नाटकाकडे बोट दाखवून परवानगी मिळत नाही, ती प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते.

दिवस जानेवारी-फेब्रुवारीतला धरा. दिवाळीआधी धानाची कापणी आणि विद्यापीठाच्या परीक्षा, मार्चपासून पुन्हा परीक्षा, पुढे ऊन. बँडकडून 'रायडर' मागवा, म्हणजे किती माइक, किती वायरी, कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून किती मॉनिटर हवेत याची यादी, आणि ती जशीच्या तशी साउंडवाल्याला द्या. आपल्याकडचा साउंडवाला लग्नाच्या डीजेला सरावलेला असतो. तो खर्जाचा आवाज चढवून ठेवतो आणि गाण्याचे शब्द बुडतात. दुपारी तीनला साउंडचेक ठेवा, मागच्या खुर्चीत एकाला बसवा आणि त्याला शब्द कळेपर्यंत बटणं फिरवायला लावा. निम्मं मानधन आधी, निम्मं कार्यक्रम संपताच, खोलीवर परत जाण्यापूर्वी, खात्यात. साडेसहाला सुरू, नऊला बंद. मग बँडला जेवू घालून स्टेशनवर सोडा, त्यांची रायपूरची गाडी वेळेवर असेल असं नाही.